जलरंगांचं पहिलं सामान: काय घ्यायचं, कोणत्या क्रमाने आणि किती

रविवारच्या वर्गात पहिल्या दिवशी मी सगळ्यांना पिशव्या टेबलावर रिकाम्या करायला सांगते. चोवीस ट्यूबची पेटी निघते, दहा ब्रशचा संच निघतो, घडीचं ईझल निघतं, कोणाकडे मास्किंग फ्लुइडची (कागदाच्या काही भागाला रंग लागू नये म्हणून लावायच्या द्रवाची) बाटलीही असते. आणि सगळ्यात खाली, मुलाच्या दप्तरातून उचललेली ड्रॉइंगची वही. अर्ध्या तासात त्या वहीचं पान पापडासारखं फुगतं, आकाशात पट्टे येतात आणि वाक्य ऐकू येतं, "ताई, माझा हातच वळत नाही." मग मी त्यांचाच ब्रश, त्यांचाच रंग आणि माझ्याकडचा पोस्टकार्डाएवढा कागद देते. त्यावर तोच हात बऱ्यापैकी सपाट आकाश रंगवतो.

खरेदीचा क्रम उलटा होतो, एवढीच भानगड आहे. दुकानात नजर आधी रंगांवर जाते, मग ब्रशवर, आणि उरलेल्या पैशांत कागद येतो. तो क्रम फिरवायचा: आधी कागद, मग ब्रश, मग रंग, शेवटी बाकीचं. खालचे टप्पे त्याच क्रमाने लिहिले आहेत. ते जलरंगांसाठी आणि नव्याने सुरुवात करणाऱ्या मोठ्या माणसांसाठी आहेत. तैलरंग आणि ॲक्रिलिकचं गणित वेगळं असतं, ते इथे मिसळलेलं नाही.

टप्पा १: दुकानात जाण्याआधी

घरी बसून तीन गोष्टी ठरवा आणि कागदावर लिहा.

पहिली, बसणार कुठे? जेवणाच्या टेबलावर बसणार असाल तर दर वेळी मांडून आवरावं लागेल. सामान एका ताटात मावलं पाहिजे. जे मावत नाही ते आठवड्याभरात माळ्यावर जातं.

दुसरी, चित्राचा आकार. सुरुवातीला साडेसात बाय अकरा इंच पुरे. यापेक्षा मोठ्या कागदावर वॉश, म्हणजे रंगाचा पातळ सलग थर, वरून खाली येईपर्यंत वरचा भाग सुकायला लागतो आणि नवख्या हाताला ते सांभाळता येत नाही. यापेक्षा फार लहान कागदावर हात मनगटातूनच हलतो आणि ब्रश पेन्सिलीसारखा धरायची सवय लागते.

तिसरी, पैशांची वाटणी. आकडा तुमचा तुम्ही ठरवा, पण शंभरातले पन्नास कागदाला, तीस रंगांना, वीस ब्रशना. घरातल्यांना हे विचित्र वाटेल. वाटू द्या.

पहिल्या खेपेला अजिबात घ्यायच्या नाहीत अशा वस्तू: ईझल, मास्किंग फ्लुइड, दहा ब्रशचा संच, सोनेरी-चंदेरी रंग आणि चामड्याची देखणी पेटी.

इशारा: शाळेत ग्रेडच्या परीक्षांच्या वेळी वापरलेले बाटलीतले पोस्टर कलर घरात असतील, तर ते जलरंग म्हणून काढू नका. पोस्टर कलर अपारदर्शक असतो आणि खालचं सगळं झाकतो. जलरंगात उजेड येतो तो रंगाच्या पातळ थरातून दिसणाऱ्या पांढऱ्या कागदाचा. दोन्ही पाण्यातच कालवतात म्हणून गोंधळ होतो. तीच गत ॲक्रिलिकची. ते सुकल्यावर पाण्याने परत सुटत नाहीत आणि एकदा ब्रशच्या मुळाशी सुकले की तो ब्रश गेला.

टप्पा २: कागद

या टप्प्यावर घाई करू नका. बाकी सगळं मिळून जेवढा वेळ लागेल तेवढा एकट्या कागदाला द्या.

जाडी. ३०० जीएसएम घ्या. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन. १८०-२०० जीएसएमचा कागद ओला झाला की फुगतो, त्याच्या खळग्यांत रंग साचतो आणि सुकल्यावर तिथे गडद तळी दिसतात. २०० जीएसएम चालवायचाच असेल तर तो आधी पूर्ण भिजवून, पाट्यावर गमटेपने (पाणी लावून चिकटवायच्या कागदी पट्टीने) चारी बाजूंनी चिकटवून, ताणून सुकवावा लागतो. पहिल्या महिन्यात हा उद्योग कोणी करत नाही, म्हणून सरळ ३०० घ्या.

तपासा: सुट्या कागदावर किंवा अनोळखी पॅडवर आकडा छापलेला असतो, पण खात्री वाटत नाही. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा काढा. ए-४ आकाराचे १६ कागद मिळून एक चौरस मीटर होतो. म्हणजे ३०० जीएसएमचे १६ कागद साधारण ३०० ग्रॅम भरले पाहिजेत आणि १२ कागदांचं पॅड, पुठ्ठा वगळून, २२५ ग्रॅम. बावीस बाय तीस इंचांचा पूर्ण ताव १२८ ग्रॅमच्या आसपास भरतो. दमट हवेत कागद थोडं पाणी धरतो, तेव्हा पाच-सात ग्रॅमवरून दुकानदाराशी भांडू नका.

पोत. तीन प्रकार मिळतात. हॉट प्रेस गुळगुळीत असतो, कोल्ड प्रेसला मध्यम दाणा असतो आणि रफ खडबडीत असतो. कोल्ड प्रेस घ्या. हॉट प्रेसवर रंग घसरतो आणि पाण्याच्या कडा उमटतात. रफवर कोरडा ब्रश फिरवला की छान पोत येतो, पण बारीक रेघ तुटते.

कशाचा बनला आहे. खरा फरक इथे पडतो. लाकडाच्या लगद्याचा, म्हणजे सेल्युलोजचा कागद स्वस्त असतो. कापसाचा महाग असतो. सेल्युलोजच्या कागदावर पाणी वरचेवर राहतं आणि एकसारखं सुकत नाही. एक कोपरा ओला, मधला भाग कोरडा अशी अवस्था होते. दुसरा थर देताना पहिला थर ब्रशबरोबर उचलला जातो. कापसाचा कागद पाणी आत घेतो, जास्त वेळ ओला राहतो आणि सगळीकडे जवळपास एकाच वेगाने सुकतो. ओल्यात ओलं, म्हणजे ओल्या कागदावर ओला रंग, असं काम करायला लागणारी ती दोन मिनिटं तोच देतो.

पॅडच्या मुखपृष्ठावर '१०० टक्के कॉटन' असं लिहिलेलं शोधा. नुसतं 'वॉटरकलर पेपर' किंवा 'आर्टिस्ट क्वालिटी' लिहिलं असेल तर तो सेल्युलोजचा आहे असं समजा. आर्श आणि सॉन्डर्स वॉटरफर्ड हे पूर्ण कापसाचे कागद आहेत. कॅन्सन एक्सएल आणि माँटवाल सेल्युलोजचे. फॅब्रियानोचा आर्टिस्टिको पूर्ण कापसाचा, पण त्याच कंपनीच्या स्टुडिओ पॅडमध्ये कापूस फक्त २५ टक्के असतो. म्हणजे कंपनीचं नाव वाचून थांबायचं नाही, खालची ओळही वाचायची. ऑनलाइन खरेदीत नेमकी ही ओळ पाचव्या फोटोत लपलेली असते.

खळ. कापडाला देतात तशी कागदालाही खळ दिलेली असते, तिला सायझिंग म्हणतात. खळ नसलेला कागद टिपकागदासारखा रंग पितो. लग्नपत्रिकांसाठी मिळणारे, पाकळ्या-धागे घातलेले सुंदर हातकागद इथे फसवतात. ते दिसायला जाड असतात, पण बहुतेक वेळा जलरंगासाठी खळवलेले नसतात. पुण्यात शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेतून किंवा आणखी कुठून हातकागद आणलात तर आधी एकच ताव घ्या, खालची चाचणी करा आणि मग पुढचे. (काही कागदांची खळ जिलेटिनची, म्हणजे प्राणिजन्य असते. ओला केल्यावर त्याला किंचित वास येतो. ज्यांना ते चालत नाही त्यांनी विचारून घ्यावं.)

पॅड की ताव? ताव. इंपीरियल आकाराचा, बावीस बाय तीस इंचांचा एक ताव लांबीत चार आणि रुंदीत दोन असा कापला की साडेसात बाय अकराचे आठ तुकडे होतात. चांगल्या कापसाच्या कागदाच्या दोन्ही बाजू वापरता येतात, म्हणजे सोळा चित्रं. दोन ताव घेतले तर बत्तीस. महाग वाटणारा कागद असा भागून बघितला की बहुतेकांची भीती जाते. पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या परिसरात किंवा मुंबईत फोर्टमधल्या कला-साहित्याच्या दुकानांत सुटे ताव मिळतात. गुंडाळी न करता सपाट, दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये बांधून मागा. लोकलने जाणार असाल तर दुकानातच चार तुकडे करून घ्या.

आता नेहमीचा सल्ला, जो मला पटत नाही: "सराव स्वस्त कागदावर करा, चांगला कागद नंतर." स्वस्त कागदावर तुम्ही त्या कागदाच्या खोडी सांभाळायला शिकता. वॉश फाटतो म्हणून घाईघाईने घासायची सवय लागते आणि तीच पुढे चांगल्या कागदावरही जाते. रंग मिसळून बघणं, पेन्सिलीचं रेखाटन, उजेड-सावलीचे छोटे नकाशे यांना स्वस्त कागद चालेल. वॉशचा सराव चांगल्या कागदावरच करा, फक्त तुकडा लहान घ्या.

कागदाची चाचणी

नवीन कागदाचा पोस्टकार्डाएवढा तुकडा कापून या क्रमाने करा.

१. एका कोपऱ्यात पेन्सिलीने रेघा ओढा, खोडा. तंतू उठले तर कागद मऊ आहे.

२. एका कडेला मास्किंग टेप लावा. मग अल्ट्रामरीनचा (एक गडद निळा रंग) भरपूर ओला वॉश वरून खाली आणा. बोर्ड किंचित कलता ठेवा आणि हात लावू नका. सुकल्यावर खोडलेली जागा गडद दिसली तर खोडरबराने खळ निघाली. सगळीकडे बारीक गडद ठिपके दिसले तर खळ मुळातच खराब आहे. बरेच दिवस दमट जागी पडलेल्या कागदाचं असं होतं.

३. पूर्ण सुकल्यावर ओलसर ब्रशने एक पट्टा पुसून काढा. थोडा उजळला तर चांगलं. अगदी पांढरा झाला तर रंग वरच बसला होता, त्यावर दुसरा थर टिकणार नाही.

४. कडेला लावलेली मास्किंग टेप बाहेरच्या बाजूला, तिरकी ओढत काढा. कागदाची साल निघाली तर टेप बदला किंवा कागद बदला. आधी टेप बदलून बघा, बहुधा दोष तिचाच असतो.

इशारा: डोक्याला तेल लावून किंवा भजी खाऊन कागद हाताळू नका. बोटाचा तेलकट ठसा आधी दिसत नाही. वॉश दिला की आकाशात अंगठा उगवतो.

टप्पा ३: ब्रश

तीन पुरतात: गोल १२ नंबर, गोल ६ नंबर आणि एक इंची चपटा. यादी वाचून सगळे विचारतात, बारीक कामाला शून्य नंबर नको का? नको. चांगल्या बारा नंबरचं टोक केसाएवढी रेघ काढतं आणि त्याच्या पोटात अख्ख्या आकाशाला पुरेल एवढं पाणी राहतं. शून्य नंबर हातात आला की माणूस झाडाची पानं मोजायला बसतो.

नंबर कंपनीगणिक बदलतात. एकीचा बारा दुसरीच्या दहाएवढा असतो. म्हणून ऑनलाइन घेताना धातूच्या नळीजवळची जाडी मिलिमीटरमध्ये दिली असेल तर ती बघा, नाहीतर दुकानात जा.

केस कसले? सिंथेटिक घ्या. हल्लीचे मऊ सिंथेटिक ब्रश पाणी बऱ्यापैकी धरतात, टोकाला लवचीक असतात आणि चुकून घासले गेले तरी टिकतात. खारीच्या केसांचा मॉप ब्रश पाणी खूप धरतो, पण मऊ असल्याने नवख्याच्या ताब्यात राहत नाही. कोलिन्स्की सेबल उत्तम, तो दोन वर्षांनी बघू.

इशारा: मुंगसाच्या केसांचे ब्रश घेऊ नका, कोणी 'जुना माल आहे' म्हणून दिला तरीही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार त्यांची खरेदी-विक्री गुन्हा आहे. २०१९ मध्ये वन्यजीव गुन्हे नियंत्रण ब्युरोने या ब्रशांविरुद्ध देशात ठिकठिकाणी छापे घातले होते. केस करडे-तपकिरी, पट्टेदार आणि टोकाला गडद दिसत असतील, तर कसले आहेत ते विचारा. दुकानदार गप्प झाला तर ब्रश परत ठेवा.

दुकानात तपासायची पद्धत:

१. नव्या ब्रशचं टोक बघून भुलू नका. ते डिंकाने किंवा खळीने बसवलेलं असतं. दुकानदाराकडे पेलाभर पाणी मागा. कलेचं सामान विकणारे बहुतेक जण देतात.

२. ब्रश पाण्यात हलवून डिंक पूर्ण काढा, मग मनगटाने एक झटका द्या. केस आपोआप एका टोकाला आले पाहिजेत. दोन टोकं झाली तर तो ब्रश नको.

३. ओलं टोक अंगठ्याच्या नखावर हलकं वाकवा आणि सोडा. सरळ झालं पाहिजे.

४. धातूची नळी दांड्यावर हलते का बघा. आज थोडी हलते तर चार महिन्यांनी हातात येईल.

ब्रशवर येणारी प्लास्टिकची पारदर्शक नळी घरी आल्यावर फेकून दिली तरी चालेल. परत घालताना एक केस जरी उलटा दुमडला तर टोक कायमचं बिघडतं. आणि टोक करायला ब्रश तोंडात घालू नका. काही रंगांत कॅडमियम, कोबाल्ट असतं.

टप्पा ४: रंग

चोवीस रंगांच्या पेटीत काळा, पांढरा, 'फ्लेश टिंट', तीन-चार तयार हिरवे आणि दोन जांभळे असतात. पैसे अशा रंगांना जातात, जे एक तर मिसळून करता येतात किंवा वापरायचेच नसतात. सुट्या सहा ट्यूब घ्या:

लेमन यलो, यलो ऑकर, बर्न्ट सिएना, गुलाबीकडे झुकणारा लाल, अल्ट्रामरीन ब्लू आणि थॅलो ब्लू.

झेंडू, शेंदूर, लाल लुगडी असे विषय मनात असतील तर सातवा स्कार्लेट किंवा व्हर्मिलियन घ्या. लेमन यलो आणि गुलाबी लालातून केशरी मिळतो, पण झेंडूची धग त्यात येत नाही.

ट्यूब वाचायची कशी? मागच्या बाजूला बारीक अक्षरांत संकेत असतात. पीबी २९ म्हणजे निळ्या गटातलं २९ क्रमांकाचं रंगद्रव्य, आपलं अल्ट्रामरीन. थॅलो ब्लूवर पीबी १५, यलो ऑकरवर पीवाय ४२ किंवा ४३, बर्न्ट सिएनावर पीबीआर ७ किंवा पीआर १०१ असतं. ज्या ट्यूबवर एकच संकेत आहे ती घ्या. तीन संकेत असतील तर तो आधीच तीन रंगांचा काला आहे. त्यात तुम्ही दुसरा तसाच काला मिसळला की चित्रात चिखल होतो आणि चिखलाचं खापर पुन्हा हातावर फुटतं. संकेत छापलेलेच नसतील तर त्या ट्यूबपासून जरा लांब राहा.

लाल घेताना विशेष लक्ष द्या. पीआर ८३ हे अस्सल ॲलिझरिन क्रिमसन उन्हाने उडतं. त्याऐवजी पीव्ही १९ लिहिलेला गुलाबी लाल शोधा. ट्यूबवर 'ह्यू' असा शब्द असेल तर मूळ रंगद्रव्याऐवजी पर्यायी द्रव्य वापरलेलं आहे असा त्याचा अर्थ. ते वाईटच असतं असं नाही, फक्त संकेत बघून घ्या. चौकोनाची खूणही बघा. रिकामा चौकोन पारदर्शक रंगाचा, भरलेला अपारदर्शक रंगाचा, अर्धा भरलेला मधला.

स्टुडंट की आर्टिस्ट? विद्यार्थी दर्जाच्या रंगात रंगद्रव्य कमी आणि भर जास्त असते, म्हणून गडद छटा येत नाही आणि सुकल्यावर चित्र फिकं पडतं. कॅम्लिनचे दोन्ही दर्जे सहज मिळतात. विन्सर अँड न्यूटनचा कॉटमन हा विद्यार्थी दर्जाचा आहे, हे नाव विलायती असल्यामुळे अनेकांच्या लक्षात येत नाही. माझा तोडगा असा: दोन्ही निळे आणि लाल आर्टिस्ट दर्जाचे घ्या, ऑकर आणि सिएना विद्यार्थी दर्जाचे चालतील. मातीच्या रंगांत फरक कमी जाणवतो.

तपासा: रंग टिकाऊ आहे का, हे घरीच कळतं. एका कागदावर सगळ्या रंगांचे पट्टे ओढा, अर्धा भाग काळ्या पुठ्ठ्याने झाका आणि एप्रिल-मेमध्ये ऊन येणाऱ्या खिडकीत महिनाभर लावून ठेवा. पुठ्ठा काढला की कोण उडालं ते समोर दिसतं. माझ्या एका पेटीतला सुंदर जांभळा या परीक्षेत राखाडी होऊन बाहेर आला होता. त्याने रंगवलेलं चित्र मी आधीच एकाला भेट दिलं होतं, असो.

टप्पा ५: पॅलेट, बोर्ड आणि घरातलंच बाकी सामान

पॅलेट पांढरं हवं, एवढीच अट. पांढरी चिनीमातीची बशी किंवा इनॅमलचं ताट प्लास्टिकच्या पॅलेटपेक्षा बरं, कारण त्यावर रंगाचे थेंब गोळा होऊन पळत नाहीत. प्लास्टिकचं आणलं असेल तर नवं असताना टूथपेस्टने घासून त्याची चकाकी मारा.

बोर्ड विकत घेऊ नका. ओळखीच्या सुताराकडे सनमायका लावलेला बारा बाय सोळा इंचांचा तुकडा पडलेला असतो. त्यावर टेप चिकटते, सुटते आणि पाण्याने काही होत नाही.

याशिवाय एक इंची मास्किंग टेप, एचबी किंवा २बी पेन्सिल, मळता येणारं पुट्टी रबर, पाण्याला काचेच्या दोन बरण्या (एक धुवायला, एक स्वच्छ), फवाऱ्याची छोटी बाटली आणि जुन्या सुती साडीचा किंवा धोतराचा हातरुमालाएवढा तुकडा. टेरीकॉट नको, ते पाणी टिपत नाही.

टप्पा ६: घरी आल्यावर, चित्र काढण्याआधी

१. आदल्या रात्री ट्यूबमधले रंग पॅलेटच्या कडेला काढून ठेवा. मुगाएवढा नको, पूर्ण शेंगदाण्याएवढा. रंग वाया जाईल या भीतीने लोक इतका कमी काढतात, की त्यातून वॉशला पुरेल एवढा गडद रंग निघतच नाही. सुकलेला जलरंग पाण्याने परत सुटतो, काही फुकट जात नाही. क्रम पिवळ्यापासून निळ्यापर्यंत ठेवा आणि तो कधी बदलू नका. हाताला जागा पाठ झाली की नजर चित्रावर राहते.

२. सुरू करण्याच्या पाच मिनिटं आधी सुकलेल्या रंगांवर पाण्याचा फवारा मारा. कडक वडीवर ब्रश घासत बसलात तर टोकही जातं आणि रंगही नीट निघत नाही.

३. सहा रंगांच्या दोन-दोनच्या पंधरा जोड्या होतात. पंधरा चौकोन आखा आणि प्रत्येक जोडी मिसळून भरा, खाली नावं लिहा. थॅलो ब्लू आणि लेमन यलोमधून पोपटी निघेल. त्यात बर्न्ट सिएनाचा थेंब टाकला की आंब्याच्या जून पानाचा हिरवा. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएनामधून ढगांच्या राखाडीपासून जवळजवळ काळ्यापर्यंत सगळं मिळतं. काळी ट्यूब का वगळली, ते इथे कळेल. हा तक्ता बसायच्या जागेसमोर लावा.

४. बोर्डाच्या मागच्या कडेखाली जाडसर पुस्तक ठेवून दीड-दोन इंच उतार द्या आणि फक्त वॉश काढा. बारा नंबरने, एका वेळी एक आडवा फटकारा, प्रत्येक फटकाऱ्याच्या खाली रंगाचा मणी साचलेला दिसला पाहिजे. पुढचा फटकारा त्या मण्याला उचलतो. मणी नाही म्हणजे ब्रशमध्ये पाणी कमी.

तपासा: वॉशमध्ये फुलकोबीसारखा डाग आला तर अर्धवट सुकलेल्या रंगात जास्तीचं पाणी शिरलं आहे. आडवे पट्टे आले तर ब्रश लहान किंवा कोरडा होता. वही, ट्यूब, ब्रश बदलण्याआधी ही दोन कारणं बघून घ्या.

टप्पा ७: पावसाळा आणि उन्हाळा

कोकणात, मुंबईत आणि गोव्यात जून ते सप्टेंबर सामान जपावं लागतं. कागद उभा किंवा भिंतीला टेकवून ठेवू नका. प्लास्टिकच्या पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या घालून, कपाटात सपाट ठेवा. बुटांच्या खोक्यातल्या पुड्या साठवा, त्याच चालतात. ओलं पॅलेट झाकण लावून बंद केलं तर दोन दिवसांत रंगांवर बुरशी येते, म्हणून ते पंख्याखाली पूर्ण सुकल्यावरच मिटा. बुरशी आलीच तर वरचा थर ओल्या कापडाने काढून टाका आणि वास येत असेल तर तो रंग फेकून द्या. या दिवसांत वॉश सुकायला खूप वेळ लागतो. दोन कागद शेजारी घेऊन आळीपाळीने काम केलं तर ओल्यात हात घालायचा मोह टळतो.

नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात उलट त्रास. फटकारा कागदावर पोचेपर्यंत सुकतो. सकाळी सातच्या आत बसा, पंखा आणि कूलरची झोत कागदावर येऊ देऊ नका. कागद मागून आणि पुढून आधी ओला करून बोर्डावर बसवा.

ब्रशचं बारमाही एकच: काम संपलं की आंघोळीच्या साबणाने तळहातावर हलकं फिरवून धुवा, बोटांनी टोक करा आणि आडवा सुकवा. बरणीत डोक्यावर उभा ठेवलेला ब्रश एका रात्रीत वाकतो. ओला ब्रश दांड्यावर उभा केला तर पाणी नळीत उतरून लाकूड फुगतं. नैसर्गिक केसांचे ब्रश असतील तर डब्यात डांबराची गोळी टाका, नाहीतर कसर लागते.

टप्पा ८: दुसरी खरेदी कधी

दोन्ही ताव संपल्यावर, त्याआधी नाही. तोपर्यंत काय कमी पडतं ते कळलेलं असतं. बहुतेकांना पहिल्यांदा कमी पडतो कागदच, मग अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना. लेमन यलोची ट्यूब वर्षभर तशीच असते. झाडांच्या फांद्या, विजेच्या तारा, होड्यांचे दोर काढताना सहा नंबर अडखळत असेल तर लांब केसांचा रिगर घ्या. त्यानंतर सेरुलियन ब्लू, तोही आकाश आणि समुद्र जास्त रंगवत असाल तरच.

वर्गातल्या एका आजोबांनी दुसऱ्या खेपेला सहा ताव आणले आणि एकही ट्यूब आणली नाही. कॅशवरच्या मुलाने त्यांना विचारलं म्हणे, "काका, पतंग करायचेत का?"